एकाची बेरीज

पावणेपाच वाजले. शाखेचा रोजचा तक्ता मुख्य कार्यालयात पाठवायची ही वेळ. त्याने तो पाठवला नाही. आजचा दहावा दिवस.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत तो सहा वर्षं हेच करत आला होता. आज किती लिफ्ट बंद पडल्या, किती दुरुस्त झाल्या, किती राहिल्या, हे तीन आकडे एका तक्त्यात मांडायचे आणि वर पाठवायचे. तीन वर्षांपूर्वी नवीन सॉफ्टवेअर आलं आणि लिफ्ट बंद पडल्याचं वरच्यांना त्याच्या आधी कळू लागलं. तक्ता बंद करा, असं मात्र कुणी म्हणालं नाही. नसती ब्याद कशाला ओढवून घ्या, म्हणून यानेही विचारलं नाही.

समोर एमबीएच्या प्रवेशाचा फॉर्म उघडा होता. शेवटची तारीख परवाची. गाडी एकाच प्रश्नापाशी तीन आठवडे अडली होती. ‘तुमच्यामुळे तुमच्या संस्थेत काय फरक पडला? तीनशे शब्दांत लिहा.’ त्याच्याजवळ तीन शब्दही नव्हते.

मेव्हण्याने बजावलं होतं, “भावोजी, नोकरी सोडून फॉर्म भरलात तर रिकामटेकडे समजतील. प्रवेश मिळेपर्यंत चिकटून राहा.” बायकोचं बरोबर उलटं. “तू घरी येतोस आणि भिंतीकडे बघत बसतोस. असा अभ्यास होणार आहे होय? आधी सोड. माझी नोकरी आहे की.”

त्याला दोघांचंही पटत होतं. शेवटी त्याने स्वतःशीच ठरवलं, दहा दिवस तक्ता पाठवायचा नाही. कुणी विचारलं तर थांबायचं, नाही विचारलं तर राजीनामा. हा शहाणपणा नव्हे, हे त्यालाही कळत होतं. पण निदान यात त्याला स्वतःला काही ठरवावं लागत नव्हतं.

नऊ दिवसांत कुणी हूं की चूं केलं नव्हतं. त्याचं त्याला वाईटही वाटलं नव्हतं. राजीनामा लिहून तयार होता, पाच वाजता पाठवायचा होता.

पाचला पाच कमी असताना फोन वाजला.

“मी मुख्य कार्यालयातून बोलतेय. तुमचे तक्ते माझ्याकडे येतात,” एक वयस्कर बाई म्हणाल्या. सहा वर्षांत तो त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होता. “दहा दिवस आले नाहीत.”

म्हणजे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. आपल्याला आनंद व्हायला हवा, असं त्याला वाटलं. थोडा वेळ त्याने वाटही पाहिली.

“काम फार अडलं का, मॅडम?”

“छे हो. मी गेल्या महिन्याचे तक्ते तारखा बदलून पुढे सरकवले. रागावायला नाही केला फोन. नोकरी सोडताय का, एवढंच विचारायचंय.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? सहा शाखा होत्या. दर वेळी असंच झालं. आधी तक्ता बंद होतो, मग माणूस जातो. नवीन येतो तो तक्ता पाठवत नाही. आता तुमचा एकच येतो.”

“मग तुम्ही त्याचं करता काय?”

“सगळ्या शाखांची बेरीज. तेच माझं काम.”

“एकाची बेरीज?”

“तोच आकडा खाली परत लिहिते. आणि वर पाठवते.”

“वर कोण बघतं?”

“मी कधी विचारलं नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “विचारलं तर त्यांना सांगावं लागेल ना.”

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. बाईंनी आवाज खाली आणला.

“वय काय तुमचं?”

“तीस.”

“मग जा तुम्ही. माझ्यासाठी थांबू नका. पण मला निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. जायच्या आधी तेवढ्या दिवसांचे तक्ते करून द्याल का? सहीसकट. मी रोज एकेक काढीन.”

“आकडे कुठले घालू?”

“गेल्या वर्षीचे घाला. लिफ्ट काय, बंद पडतात आणि चालू होतात.”

फोन ठेवला तेव्हा पाच वाजून गेले होते. ठरल्याप्रमाणे कुणीतरी विचारलं होतं, म्हणजे त्याला थांबायला हवं होतं. त्याने राजीनामा साहेबांना पाठवून दिला. पलीकडच्या काचेच्या खोलीत साहेब खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलून घरी निघाले होते.

मग त्याने नवीन तक्ता उघडला. चौदा महिने म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. उद्याची तारीख घातली, गेल्या वर्षीचे आकडे काढले, त्यातला एक सरळ उतरवावासा वाटला नाही म्हणून थोडा बदलला. सही केली. दुसरा घेतला. मध्ये एक रविवार आला, तो आठवणीने गाळला. बाकीची मंडळी एकेक करून निघून गेली. आठवा तक्ता होईपर्यंत त्याने घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.

मोबाइल वाजला. बायको होती.

“निघालास का? साडेपाचला दारात असतोस तू.”

“उशीर होईल,” तो म्हणाला. “काम आहे.”



“तुला?”