सोप्या कोड्याची तक्रार

"बाई, शब्दकोडं सोपं करून तुम्ही आपल्या पेपरची शोभा केलीत. आज एक जरी तक्रार आली, तर उद्यापासून पुन्हा अवघड कोडं," संपादकांनी बजावलं. कोडं रचणाऱ्या बाईंनी टपालाचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. टपालातलं पहिलंच पत्र तक्रारीचं निघालं. संपादकांनी ते मुद्दाम मोठ्यानं वाचलं.

"तीस वर्षं तुमचं कोडं मी एकटा सोडवतोय. बायको कधी त्याच्या वाटेला गेली नाही. हल्ली मात्र माझे दात घासून होईपर्यंत ती सगळे चौकोन भरून मोकळी! वर मलाच विचारते, 'अहो, तुम्हाला रोज तासभर का लागायचा?'"

शेवटची ओळ वाचताना संपादकांचा आवाज खाली आला.

"उद्यापासून आमच्या घरी दोन अंक पाठवा."