माळ्यावरचं मखर

नव्या स्लॅबच्या घरात आत्माराम सुताराने फणसाच्या फळ्या ठोकून यमुनाबाईंना माळा करून दिला.

"काकी, हलकंच सामान ठेवा हां," तो म्हणाला.

यमुनाबाईंनी त्याच्याच हातून गणपतीचं मखर वर चढवलं. "पार मागे सरकव."

"मग उतरवणार कोण? तुमचा हात पोचेल काय?"

"नाहीच पोचायचा. दिगंबरला मुंबईला तसंच कळवते. रजा नाही, रजा नाही म्हणत तीन वर्षं गणपतीला आला नाही. आता मखर काढायला तरी पोरगा येईल."

आत्मारामने मखर आणखी थोडं मागे सरकवलं.



चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुंबईच्या एसटीतून उतरली, ती दिगंबरने पाठवलेली नवीकोरी घडीची शिडी.