सुनेची तोंडी परीक्षा

सिद्धगडाखालच्या त्या पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, की भिमीचं सुनेशी पटत नाही. रोज संध्याकाळी ओटीवर दोघींचे आवाज चढायचे.

सून रेश्मा दहावीच्या इंग्रजीत दोनदा नापास झाली होती. नर्सिंगला जायचं तर दहावी हवी, आणि सासऱ्यानं बजावलं होतं, “ही शेवटची खेप. मंग गुमान शेतावर यायचं.” गाडी अडायची ती सारख्या दिसणाऱ्या शब्दांपाशी. म्हणून भिमी गाइड उघडून समोर बसायची आणि रेश्मा एकेक जोडी म्हणायची.

“क्वाएट म्हणजे गप्प. क्वाइट म्हणजे बरंच.”

“चूक!”

सासूनं चूक म्हटलं की ती सुनेचीच असते, या नियमानं रेश्मा पहिले काही दिवस मान खाली घालून ती जोडी पुन्हा घोकायची. पुढे ती उलटून बोलायला लागली. पेपरच्या आदल्या संध्याकाळी तर तिनं गाइडच हिसकावलं.

“बरोबर हाय माझं! हितं छापलंय बघा! तुमाला एक अक्षर वाचता येत नाय, आत्या, मंग चूक दिसते कशी?”

“दिसत नाय गो,” भिमी म्हणाली. “मी सगळ्यालाच चूक म्हनते. जे पक्कं नसतं, तिथं तू गप बसतेस. आज शंभर जोड्या झाल्या, एकदा पण गप बसली नायस. जा, उद्या पेपर लिव.”