हाकेला येणारा पक्षी
काही विचारलं की जावई नुसता हसायचा. तेच सासूच्या डोक्यात जायचं. जंगलाकाठच्या तिच्या लॉजमधल्या पाहुण्यांना तो एक दुर्मीळ पक्षी हमखास दाखवायचा, म्हणून आठही खोल्या भरायच्या. पण पक्षी काय याच्या घरचा गडी, हाक मारली की हजर? शेवटी न राहवून ती जावई आणि पाहुण्यांच्या मागोमाग जंगलात गेली. जावयाने खिशातून स्पीकर काढून दगडावर ठेवला. त्यातून त्याच पक्ष्याच्या नराची शीळ घुमली. पिल्लांना भरवायला आलेल्या नराने चोचीतली अळी टाकली आणि परका नर आलाय समजून स्पीकरवर झेप घेतली. कॅमेरे खटखटले. पुन्हा शीळ, पुन्हा झेप. घरट्यात तीन चोची उघड्याच. सासूने स्पीकर बंद केला. "आई, पाहुणे बघताहेत!" "बघू देत. जावईबापू, लेकरांच्या तोंडचा घास काढून पाहुणचार होत नसतो. पक्षी आपणहून आला तर दिसेल, नाहीतर पाहुणे झाडं बघतील!"