किटलीची तोटी

ताइपेतल्या आमच्या वेबसाइटच्या धंद्यात आम्ही दोघंच, मी आणि कुआन-टिंग. कामाची ऑनलाइन फाइल दोघांची एकच, आणि ती दोघांपैकी कुणीही कधीही बदलायची, हा सात वर्षांचा नियम. हुआंग आजोबांच्या चहाच्या दुकानाचं काम आलं, तेव्हा मी चित्रातल्या किटलीची तोटी 'या, बसा' या ओळीकडे वळवली आणि आजोबांना बघायला फाइलची लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ती भलतीकडेच तोंड करून बसलेली. मी परत वळवली. सकाळी पुन्हा तेच.

"आवडलं नाही तर तोंडावर सांग ना! माझ्यामागे कशाला फिरवतोस?"

"मी हातसुद्धा लावलेला नाही, पेई. तुझंच रोज काहीतरी बदलत असतं."

"मग काय भूत येऊन फिरवतं?"

तीन आठवडे हेच. डोळे उघडले की मी आधी फोनवर किटली बघायची आणि तिथूनच माझं डोकं तापायचं. शेवटी किटली राहिली बाजूला, सात वर्षांचं सगळं उकरून झालं, आणि कुआन-टिंग आपला कॉम्प्युटर आणि निवडुंगाची कुंडी उचलून निघून गेला.

काल काम दाखवायला मी एकटीच दुकानात गेले. आजोबांनी मला चहा ओतला आणि किटली खाली ठेवताना तिची तोटी माझ्यापासून अलगद दूर वळवली.



"पोरी, तोटी पाहुण्यावर रोखू नये, एवढंही घरी शिकवलं नाही तुला? तू पाठवलेली ती लिंक उघडून रोज पहाटे मलाच फिरवावी लागते."