सहाचं झाकण

"सहा वाजले की लॅपटॉपचं झाकण मिटायचं. तू तिकडे, मी इकडे. आणि आवाज फोनवर ऐकू आला पाहिजे. नुसतं 'हो ताई, हो ताई' चालायचं नाही."

ताईचं हे सांगणं तिने नेमासारखं पाळलं होतं. त्याआधी घराचं ऑफिस झालं होतं आणि ऑफिसचं घर. एका हाताने भाजी ढवळायची, दुसऱ्या हाताने विम्याचे दावे तपासायचे, आणि छातीत सतत धडधड. ताई तिच्याच विभागातली, तिच्यासारखीच घरून काम करणारी. आठ महिने रोज सहाच्या ठोक्याला तिचा फोन यायचा. एक, दोन, तीन. इकडे थप, तिकडे टक.

"तुझ्या झाकणाचा आवाज वेगळाच येतो, मशीन नवं दिसतंय," ती एकदा म्हणाली होती. ताई नुसतीच हसली होती.

आज साडेपाचला साहेबांनी दोघींना पडद्यावर बोलावलं.

"पुढच्या महिन्यापासून दावे तपासायला एकच जण ठेवायचाय," साहेब म्हणाले. "यांची उत्तरं मला संध्याकाळी आठपर्यंत येत असतात. तुम्ही मात्र सहा वाजले की गायब."

तिने ताईच्या चौकटीकडे पाहिलं. "आठपर्यंत? रोज?"

"रोज," उत्तर साहेबांनीच दिलं. "आठ महिन्यांत एक दिवस चुकला नाही. तुम्हालाही महिनाअखेरपर्यंत संधी देतो. आजपासूनच सुरू करा. राहिलेले बारा दावे मला आठच्या आत हवेत. नाहीतर मग माझ्यापुढे प्रश्नच उरत नाही."

ताई खाली बघत होती. तिने चष्मा काढला, डब्यात ठेवला आणि डबा मिटला.

टक.

साहेब गेले, ताई गेली, पडदा रिकामा झाला, तरी ती तिथेच बघत राहिली. आठ महिने तिचं ऑफिस चष्म्याच्या एका डब्याच्या आवाजाबरोबर सुटत होतं.

"आज फाटकापर्यंत! सकाळी कबूल केलंयस हं," बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांनी आठवण करून दिली. ते साडेपाचपासूनच बूट घालून बसलेले असत. आजारपणानंतर त्यांचा डावा पाय अजून नीट साथ देत नव्हता. रोज सहाला तिचा हात धरून चौदा पायऱ्या उतरायच्या, तेवढ्याच चढायच्या. फाटक अजून गाठलं नव्हतं.

"आलेच बाबा," ती म्हणाली. पण बोट यादीवर गेलं. बारा. तिने पहिला दावा उघडला. त्याच दोन ओळी तिने तीनदा वाचल्या. छातीतली धडधड आठ महिन्यांनी परत आली होती, वाट न विसरता.

सहाला फोन वाजला.

"अगं, ऐक ना," ताई म्हणाली. "हे असं होईल असं मला वाटलं नव्हतं गं. तू माझ्या जागी असतीस तर..."

"चष्म्याचा डबा जवळ आहे ना, ताई?" तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "मग मोज."

ताई मोजेना.

म्हणून तिनेच मोजलं. एक. दोन. तीनपाशी हात झाकणावर थांबला. पडद्यावर बारा दावे तसेच उघडे होते. साहेब काय म्हणाले तेही तिला शब्द न् शब्द आठवत होतं.

थप.

पलीकडून आज टक आलं नाही. तिने फोन ठेवला आणि बाहेरच्या खोलीत आली.

"सुटलं का ऑफिस?" सासऱ्यांनी रोजचाच विनोद केला. "आज वाटेत गर्दी लागलेली दिसते."

"लागली थोडी."

तिने खाली बसून त्यांच्या डाव्या बुटाची नाडी घट्ट बांधली, काठी हातात दिली, दार उघडलं. मागे टेबलावर फोन पुन्हा वाजायला लागला.

"घे की. कामाचा असेल."

"डावा पाय आधी, बाबा," ती म्हणाली आणि एक पायरी खाली उतरून, हात पुढे करून उभी राहिली.