घासणी

‘आम्ही खाली सही करणारे, एकेकाळी निवासात राहिलेले...’

इथपर्यंत चौघांचं एकमत होतं. पुढे गाडं अडलं.

निवास चालवणारे थोरले जाऊन नऊ दिवस झाले होते. कुणी त्यांना संत म्हणत होतं, कुणी भोंदू. ज्यांनी त्यांच्या छपराखाली उमेदीची वर्षं काढली, त्यांना मात्र कुणी विचारत नव्हतं. म्हणून भर दुपारी ही मंडळी बाइंडरच्या दुकानात जमली होती. पुठ्ठ्यांचे गठ्ठे भिंतीला सरकवले होते, खळीचं पातेलं बाकाखाली ढकललं होतं. मास्तर लिहीत होते आणि नर्स खोडायला लावत होती. बाइंडरचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. तो आपल्या ताईकडे बघत होता.

अकरा वर्षांनी ती समोर बसली होती. तो निवास सोडून आला तेव्हा ती तिथल्या स्वयंपाकघरातच राहिली. आता निवासाला कुलूप लागणार होतं, आणि ती एक कापडी पिशवी घेऊन आली होती. बायकोने आतली खोली झाडून ठेवली होती. हे दोघं गेले की म्हणायचं, ताई, घरी चल. एवढंच. सकाळपासून तो हे वाक्य तोंडात घोळवत होता.

‘...त्यांनी आमच्यातल्या कित्येकांची दारू सोडवली...’

आणि घरंही सोडवली, नर्स म्हणाली. आवळा देऊन कोहळा काढला. खोडा ते.

‘...त्यांनी माणसाला माणसापासून तोडलं...’

हे मास्तरांना पटेना. आपण काय कुक्कुली बाळं होतो, ते म्हणाले, कुणी कडेवर घेऊन गेलं? आपल्याच पायांनी गेलो ना. त्यावर नर्सने आठवण करून दिली, की पहिल्या वर्षी मास्तर थोरल्यांच्या चपला उशाशी घेऊन झोपायचे. मास्तर स्वतःच हसले. मग सगळेच हसले आणि खोली जरा सैल झाली.

तेव्हा ताई बोलली. मला त्यांनी कधी दुखावलं नाही, ती म्हणाली. खोटं कशाला लिहायचं?

नर्स तिच्याकडे वळली. “माझ्या मुलीला तीन दिवस मौनात बसवलं होतं. सहा वर्षांची पोर. भिंतीपलीकडे तुम्ही भाजी चिरत होतात.”

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही नेहमीच कानाडोळा केलात, ताई. हे तुमच्या भल्यासाठीच सांगतोय.”

ताईने दोन्ही तळहात गुडघ्यांवर उताणे ठेवले आणि मान खाली घातली. ते बाइंडरने पाहिलं, आणि ती बैठक त्याने ओळखली.

निवासात रोज संध्याकाळी एकाचं नाव निघायचं. बाकीच्यांनी गोल बसून, डावीकडून एकेकाने, त्याचा एकेक दोष सांगायचा. प्रेमाने. ज्याची घासणी असेल त्याने उत्तर द्यायचं नाही. शेवटी फक्त ‘उजळलो’ म्हणायचं. राख लागल्याशिवाय भांडं चमकत नाही, असं थोरले म्हणत.

आज कुणी काही ठरवलं नव्हतं. दुकानात जागाच एवढीशी, म्हणून चौघं गोल बसले होते. आणि डावीकडून दोघांचं सांगून झालं होतं.

तिसरा तो होता.

गप्प बसता आलं असतं. ब्रश धुवायच्या निमित्ताने उठताही आलं असतं. मास्तर आणि नर्स त्याच्याकडे बघत होते. रागाने नाही, नुसते थांबून. त्याने तोंड उघडलं ते ‘ताई, घरी चल’ म्हणायलाच.

“आई जाताना तू आली नाहीस,” तो म्हणाला. “मी निरोप पाठवला होता. चार दिवस ती दाराकडे डोळे लावून पडली होती.”

आवाज मऊ निघाला. समजुतीचा. तिथे शिकवलेला.

“उजळले,” ताई म्हणाली.

नर्सचा हात तोंडावर गेला. मास्तरांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग नर्सला ड्यूटी आठवली. मास्तरांना काहीच आठवलं नाही, तरी तेही उठले. सही कुणीच केली नाही.

दोघं गेल्यावरही ताई तशीच बसून होती.

“निरोप मला मिळाला नव्हता रे,” ती म्हणाली. “थोरल्यांनी ठेवून घेतला होता. चार महिन्यांनी सांगितला. सांगताना माझ्याजवळ बसून रडले.”

“मग मघाशी बोलली का नाहीस?”

“मध्ये बोलायचं नसतं.”

त्याने तिची पिशवी उचलली. खोली झाडून ठेवलीय, खिडकी मोठी आहे, ही वाट बघतेय, हवं तितकं राहा, कायमची राहा, असं सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, घरात कोण कोण असतं? मी, ही आणि धाकटी लेक, तो म्हणाला. संध्याकाळी काय करता? काही नाही. जेवतो, इकडचं तिकडचं बोलतो, झोपतो.

“एकमेकांचं काही सांगत नाही?”

“नाही, ताई.”

ती विचारात पडली. लहानपणी ताप बघायची तशी तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

“मग झोप लागते तुम्हाला?”